गोणीवरचं पाणी

तिचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. गजर लावलेला असायचा, पण तो वाजायच्या आधीच ती उठून बसलेली असायची. गजरावर तिचा भरवसा नव्हता. उठल्यावर आधी गॅसचं बटण बघायचं, झोपण्यापूर्वी स्वतःच बंद केलेलं असलं तरी. मग नळ. मग डबा उलटा करून झाकण. निघताना ती सुनेला उठवायची आणि दाराबाहेर उभी राहायची. आतून कडी सरकल्याचा आवाज आल्याशिवाय जिन्याची पहिली पायरी उतरायची नाही.

"लावलीस का?"

"लावली, आई."

"ओढून बघ."

सून झोपेतच कडी ओढून बघायची. रोज.

कारखान्यात तिला समोर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे खातरजमा. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हिचं तोंड कधी आणि कुठल्या दुधानं पोळलं होतं कोण जाणे, पण ही साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

कारखाना मुलाम्याचा. नळाच्या तोट्या, दारांच्या मुठी, कपाटांच्या कड्या तिथं मळकट येत आणि चकचकीत होऊन जात. आधी तांब्याचा थर, त्यावर निकेलचा. माल तारेच्या सांगाड्याला लटकवायचा. त्या सांगाड्याला जिग म्हणत. जिगला आकडे, एकेका आकड्याला एकेक नग. आकडा रिकामा सोडायचा नाही, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितलं जाई. रिकाम्या आकड्यावरही निकेल चढतं आणि ते फुकट जातं. भरलेला जिग टाकीत सोडायचा, वर काढायचा, धुवायचा, पुढच्या टाकीत सोडायचा.

धुणं तिच्याकडे होतं. धुणं म्हणजे पाण्यात बुडवून काढणं, असं बघणाऱ्याला वाटतं. तसं नाही. जिग तिरका सोडावा लागतो, नाहीतर तोटीच्या पोटात हवा अडकते आणि आतलं रसायन आतच राहतं. वर काढल्यावर झटकायचा नसतो, निथळू द्यायचा असतो. एकाच पाण्यातून काढला तर ते धुणं नव्हे, ओलं करणं. तिनं कधी ओलं करण्यावर भागवलं नाही. त्यापायी तिची बोटं पांढरी पडून चिरली होती आणि कंबर सरळ होताना कुरकुरायची.

टाकीवरचं काम वेगळं. उंच फळीवर उभं राहायचं, रसायन मापून घालायचं, टाकीचा रंग बघायचा. वाकणं नाही. पगारही बरा. टाकीवाले दादा आता निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा तिला हवी होती. जन्म वाकण्यात गेला, उरलेली वर्षं तरी ताठ उभं राहून काढावीत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पण मध्येच नियम आला. पूर्वी सगळी रसायनं एकाच व्यापाऱ्याकडून येत. निळ्या झाकणाचा पिंप म्हणजे अमुक, लाल झाकणाचा म्हणजे तमुक. डोळे मिटून काम चालायचं. आता व्यापारी बदलू लागले. प्रत्येकाचं झाकण वेगळं, प्रत्येकाचं नाव वेगळं. एकदा निळ्या झाकणावर विसंबून कुणीतरी निकेलच्या टाकीत भलतंच ओतलं आणि अख्खी टाकी वाया गेली. तेव्हा फोरमननं जाहीर केलं, की व्यापारी नाव काहीही ठेवो, गोणीवर, पिंपावर रासायनिक सूत्र असतं आणि ते बदलत नाही. टाकीवर चढायचं असेल त्याला सूत्र वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. लॅबवाल्या मॅडम परीक्षा घेतील.

"वाचायचं समजलं," ती म्हणाली. "लिहायचं कशाला? मी काय गोण्या छापणार आहे?"

"मावशी, ज्याला लिहिता येतं तोच नीट वाचतो," फोरमन म्हणाला. "बाकीचे अंदाजानं वाचतात."

हे तिला पटलं. म्हणूनच तिला संशय आला. फोरमनचं बोलणं तिला सहसा पटत नसे.

घरी तिनं ही गोष्ट काढली तेव्हा सून मशीनवर बसली होती. ती एका शिंप्याच्या दुकानासाठी घरीच कॉलर शिवायची. मुलगा मालाची गाडी चालवायचा. तो घरापेक्षा रस्त्यावर जास्त.

सुनेनं मशीन थांबवलं. "मी शिकवते ना, आई. बारावीला सायन्सच होतं माझं."

मशीन थांबवलं, हे सासूच्या ध्यानात राहिलं. अर्धी कॉलर सुईखाली सोडून कोण थांबतं? आणि फुकट कोण शिकवतं? तोंडानं ती एवढंच म्हणाली, "बघू."

शिकवणी दुपारी सुरू झाली, सासू पाळीवरून आली की. पाटी फरशीची, खडू शिंपीकामाचा. एबीसीडी तिला येत होती. मालाच्या पेट्यांवरच्या खुणा वाचून वाचून पाठ झाली होती.

"हायड्रोजन, एच. ऑक्सिजन, ओ. सोडियम, एन ए."

"थांब. सोडियममध्ये एन कुठाय?"

"त्याचं जुनं नाव वेगळं होतं. त्या नावावरून."

"आणि तांबं?"

"सी यू. तेही जुन्या नावावरून. लोखंड एफ ई."

"म्हणजे हे सगळे दुसऱ्याच नावानं राहतात," सासू म्हणाली. "असल्यांना कुणी खोली भाड्यानं देऊ नये."

सून हसली. सासू हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं कॉस्टिकच्या पिंपासमोर उभं राहून अक्षर न् अक्षर पाहिलं. NaOH. एन ए होतं खरं. तेव्हापासून तिनं रिवाजच पाडला. दुपारी घरी जे शिकायचं ते सकाळी पिंपावर ताडून बघायचं. सून खोटं सांगत नव्हती. पण खोटं सांगत नाही याचा अर्थ सगळं सांगते असा होत नाही.

मग आकडेमोड आली. सून म्हणाली, "प्रत्येक मूलद्रव्याला हात असतात असं समजा. सोडियमला एक, ऑक्सिजनला दोन, ॲल्युमिनियमला तीन. कुणाचाच हात रिकामा राहता कामा नये."

"हात नको. आकडे म्हण."

"आकडे?"

"जिगचे. ऑक्सिजन म्हणजे दोन आकड्यांचा जिग. त्याला एका आकड्याचा सोडियम लटकवायचा तर दोन लागतील. एकच लटकवला तर दुसरा आकडा फुकट जाईल."

सुनेनं खडूनं Na₂O लिहिलं आणि मान वर केली. "बरोबर."

"बरोबर ते आहेच. हा दोन खाली का लिहिलास, चोरून ठेवल्यासारखा?"

"खाली लिहिला की तो फक्त आधीच्या अक्षराचा. पुढे मोठा लिहिला की मागून येणाऱ्या सगळ्यांचा."

हे तिनं दोनदा वदवून घेतलं. पुढं गंधकाची आणि ऑक्सिजनची जी मंडळी एकत्र फिरतात, SO₄, ती कुटुंबासारखी धरायची, त्यांना बाहेर दोन आकडे, हेही तिच्या हातात बसलं. कुटुंब दोनदा घ्यायचं असेल तर कंस. चुना म्हणजे Ca(OH)₂. "घराला कुंपण घालून बाहेर दोन लिहायचं," ती म्हणाली. तिला हे आवडायला लागलं होतं. ते तिनं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

सुनेच्या चौकशा मात्र वाढत चालल्या होत्या. टाकीत काय काय घालता? आधी काय, नंतर काय? मॅडम स्वतः तपासतात का? कॉलर शिवणारीला निकेलच्या टाकीशी काय करायचं होतं?

एका दुपारी ती घरी आली तेव्हा दार लोटलेलं होतं. कडी नव्हती, यावरूनच तिचं डोकं फिरलं. एक चप्पल काढून ती दुसरी काढणार, एवढ्यात आतून सुनेचा आवाज आला. फोनवर होती. नवऱ्याशी.

"अहो, आईंना यातलं काही बोलू नका. परीक्षा होईपर्यंत तरी नाही. कळलं तर सगळं मुसळ केरात."

सासू एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली. मग तिनं मुद्दाम दुसरी चप्पल जोरात आपटली. सुनेनं फोन ठेवला आणि म्हणाली, "आलात? चहा टाकते."

"टाक," सासू म्हणाली. पण त्या दिवशी चहाही तिनं वास घेऊन प्याला.

तिनं मनाशी हिशेब मांडला. परीक्षेत आपण नापास झालो तर काय होईल? धुणं आता झेपत नाही, म्हणजे घरी बसावं लागेल. आपण घरी बसलो की घर सांभाळायला माणूस फुकट मिळाला, आणि सून मोकळी. चौकशा एवढ्या करते, कुणी सांगावं, टाकीची जागा स्वतःलाच हवी असेल. हिशेब चोख बसला. वाईट हिशेब नेहमीच चोख बसतात.

पुरावा मिळायचा होता, तोही मिळाला. मोरचुदाची नवी गोणी आली. निळ्या खड्यांची. सुनेनं शिकवलेलं सूत्र होतं CuSO₄. गोणीवर तेवढंच नव्हतं. पुढे ठिपका होता आणि ठिपक्यापुढे 5H₂O.

पाच पाणी.

तिनं भिंतीकडे पाहिलं. प्रत्येक टाकीच्या वर टाकीवाल्या दादांनी खडूनं माप लिहून ठेवलं होतं, त्यांच्या पद्धतीनं. आधी रसायन, मग ठिपका, मग पाणी. 'मोरचूद · ५ पाणी'. एक माप मोरचूद, पाच मापं पाणी. गोणी आणि भिंत एकच सांगत होत्या. मग सुनेनं निम्मं का सांगितलं? पाणी का गाळलं?

इथवर ठीक होतं. पण ती तिथं थांबली नाही. ती निकेलच्या गोणीकडे गेली. NiSO₄·6H₂O. सहा पाणी. भिंतीवर दादांचं अक्षर: 'निकेल · ४ पाणी'.

चार! गोणी सहा सांगते आणि दादा चारच घालतात. पाणी कमी म्हणजे निकेल जास्त, निकेल जास्त म्हणजे गोण्या लवकर संपणार. गोण्या लवकर संपल्या तर फायदा कुणाचा? व्यापाऱ्याचा. आणि व्यापारी फायदा एकटा खातो का?

दादा फळीवर उभे होते. खाली सगळे होते.

"दादा, गोणीवर सहा पाणी लिहिलंय. तुम्ही चार का घालता?"

"चारच घालतात," दादा म्हणाले.

"कोण घालतात? गोणी बनवणारा शहाणा की तुम्ही? इतकी वर्षं जास्तीचं निकेल ओतलंत. व्यापारी काय देतो त्याचं?"

जिग खाली ठेवल्याचे आवाजसुद्धा बंद झाले. दादांनी मापाचं भांडं कडेला ठेवलं. त्यांच्या हाताखाली कधी एक टाकी नासली नव्हती. ते फळीवरून उतरले आणि तिच्याजवळून निघून गेले.

फोरमन हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मॅडम जागा देण्याआधी दादांचं मत विचारणार आहेत. हे ठाऊक होतं ना?"

ठाऊक होतं. आत्ता आठवलं.

घरी आली ती तणतणतच. "सूनबाई! मोरचुदाचं सूत्र लिही."

सुनेनं लिहिलं. CuSO₄.

"आणि पाणी? पाच पाणी कुणी प्यायलं?"

सुनेचा खडू थांबला. "अय्या. ते राहिलंच."

"राहिलं की ठेवलं? मला नापास करून घरी बसवायचंय तुला. परीक्षेपर्यंत आईंना बोलू नका म्हणे! कान आहेत मला. आणि तो दादा, सहाच्या जागी चार पाणी घालतो. तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी."

"दादांनी काय केलं?"

सासूनं सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर आपण काय बोललो तेही. सून ऐकत गेली आणि तिचा चेहरा पडत गेला.

"आई, ते पाणी बाहेरून घालायचं नसतं. ते खड्याच्या आत असतं. आधीपासून."

"कोरडा खडखडीत खडा आहे. मी रोज बघते."

"कोरडाच असतो. तरी आत असतं. उद्या चिमूटभर मोरचूद आणा. विचारून आणा हं."

"विचारूनच आणेन. मी काय चोर आहे?" हे म्हणताना तिची जीभ जरा अडखळली.

फोरमनला विचारून, कागदाच्या पुडीत तिनं खडे आणले. सुनेनं खिडकी उघडली, मोडीत काढलेलं पत्र्याचं झाकण मंद आचेवर ठेवलं.

"थांब," सासू म्हणाली. तिनं झाकण उचलून दोन्ही बाजूंनी पुसलं. खडे फडक्यात चोळले, फडकं गालाला लावून बघितलं. कोरडं होतं. "आता ठेव. नाही, दे इकडे. मीच ठेवते."

खडे तापू लागले. सुनेनं वर एक थंड ताटली धरली. आधी काही नाही. मग खड्यांच्या कडा फिक्या पडू लागल्या. निळा रंग कडेकडून मागे हटत गेला आणि खाली पांढरा भुगा राहिला. सुनेनं ताटली उलटी करून दाखवली. तिच्यावर थेंब होते.

सासूनं थेंबाला बोट लावलं. पाणीच होतं. कोरड्या खड्यातलं.

"आता गार होऊ द्या. मग त्या भुग्यावर एक थेंब टाका."

तिनं थेंब टाकला. पांढरा भुगा बारीक चुरचुरला आणि थेंब पडला तेवढी जागा निळी झाली. तिनं झाकणाखाली तळवा धरला. गरम लागलं. ती म्हणाली, "दुसऱ्यांदा करू."

दुसऱ्यांदाही तेच झालं.

"म्हणजे पाच पाणी म्हणजे हे. आणि निकेलचं सहाही आतलंच."

"हो. टाकीत किती पाणी घालायचं ते वेगळं. त्याचा सूत्राशी काही संबंध नाही. दादांचं चारच बरोबर असणार."

"मोरचुदाचं पाच जमलं ते?"

"योगायोग."

योगायोग या गोष्टीवर तिचा मुळीच विश्वास नव्हता. पण ताटलीवरचे थेंब अजून तिथंच होते.

"मग मला आधी का नाही सांगितलंस? बारावी झालेली बाई पाच पाणी विसरते?"

सुनेनं झाकण कागदात गुंडाळलं. टाकून द्यायला बाजूला ठेवलं. हात धुतले. मग म्हणाली, "बारावी झालेली नाहीये मी."

"काय?"

"बारावीला होते, एवढंच म्हटलं होतं तुम्हाला. रसायनशास्त्रात गेले. प्रात्यक्षिकात पास झाले, लेखीत गेले. त्याच वर्षी लग्न ठरलं, फेरपरीक्षा राहून गेली. हेच यांना सांगत होते, आईंना बोलू नका म्हणून. नापास मुलगी शिकवतेय म्हटल्यावर तुम्ही माझ्या एका अक्षरावर तरी विश्वास ठेवला असता का?"

"तसाही कुठे ठेवला होता?"

सून फसकन हसली. सासूच्याही तोंडाशी हसू आलं, ते तिनं गिळलं. "मग शिकवायला बसलीस कशाला? उघडं पडायची हौस?"

"आवडायचं मला ते," सून म्हणाली. "कॉलर शिवताना कोण काय विचारतं मला? तुम्ही विचारत होतात. अगदी उलटतपासणी घेत होतात, पण विचारत होतात."

अडचणीत सापडली की सासू भांडी आवरायची. तिनं भांडी आवरली.

पण शंका गेली असं नाही. उलट आता ती दुप्पट झाली. शिकलेलं सगळं एका नापास मुलीकडून शिकलेलं. त्यातलं किती टिकणार? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कोठारात गेली. डबा उघडला नाही. सुनेनं शिकवलं तसं आधी फरशीवर लिहायचं, मग गोणी किंवा पिंप फिरवून छापलेलं बघायचं. आधी बघून मग लिहिणं ही लबाडी. कॉस्टिक जमलं. आम्ल जमलं, H₂SO₄. निकेल क्लोराइडच्या ठिपक्यापुढचं पाणी सोडलं तर तेही. चुना जमला. बोरिकच्या गोणीपाशी मात्र ती थांबली. सुनेनं शिकवलं होतं HBO₃. गोणीवर H₃BO₃.

ती तिथंच उकिडवी बसली. बोरॉनची मंडळी, बाहेर आकडे तीन. हायड्रोजनला एकेक. मग एक हायड्रोजन लटकवून कसं भागेल? गोणी बरोबर होती. आणि गोणी बरोबर का, हे तिचं तिला कळलं होतं. कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

घरी जाऊन ती म्हणाली, "बोरिकमध्ये तुझे दोन आकडे रिकामे गेले."

सुनेनं लिहून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "लेखीत गेले ते असंच."

"असंच जाणार. पुन्हा मोजायचा कंटाळा. लिही परत."

दादांचं राहिलं होतं. ते तिनं टाळलं नाही. टाळलं असतं तर झोप लागली नसती. सकाळी ती फळीपाशी उभी राहिली.

"दादा, माझं चुकलं. ते सहा पाणी खड्याच्या आतलं असतं. तुमचं चारच बरोबर."

दादा टाकीचा रंग बघत होते. "खड्यात पाणी असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. मला माझ्या उस्तादानं चार सांगितलं, मी चार घातलं. ते जाऊ दे. तू मला खाजगीत चोर म्हणाली होतीस का?"

"नाही."

"मग?"

मग काय ते तिला समजलं. जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना ती उभी राहिली. उभं राहून बोलायची तिला सवय नव्हती. "त्या दिवशी मी दादांना बोलले ते खोटं होतं. मला अर्धवट कळलं होतं. दादांनी एक कणही जास्त घातलेला नाही." एवढं बोलून ती बसली. कुणीतरी मागून म्हणालं, "खातरजमा केली ना मावशी?" हशा पिकला. तिनं खाली बघून घास तोंडात घातला. दादा हसले नाहीत. मात्र पाळी सुटताना भिंतीवरचे ठिपके पुसलेले होते. त्या जागी लिहिलं होतं: 'निकेल एक माप, त्याला पाणी चार मापं'.

परीक्षेच्या दिवशी लॅबच्या काचेपलीकडे दादा मॅडमशी बोलताना दिसले. तिच्याकडे पाठ होती. बोलणं ऐकू येत नव्हतं. मध्येच मॅडमनी काचेतून तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची हे काही तिला ठरवता आलं नाही. गेलं, तिच्या मनानं घेतलं. माणूस माफ करतो, पण विसरायचं त्याच्या हातात नसतं.

मॅडमनी नावं सांगितली, तिनं सूत्रं लिहायची होती. ती सावकाश लिहीत होती. प्रत्येक नावाला टेबलाखाली बोटं मोजायची, आकडे भरायची, रिकामा राहिला का बघायची. ॲल्युमिनियम सल्फेटला तिला घाम फुटला. तीन आकड्यांचा जिग आणि दोन आकड्यांचं कुटुंब. काही केल्या जमेना. एक जिग घेतला तर आकडा उरतो, दोन घेतले तर कुटुंबं कमी पडतात. शेवटी दोन जिग, तीन कुटुंबं. Al₂(SO₄)₃. कुंपणही घातलं. परीक्षेला बसलेले बाकीचे केव्हाच कागद देऊन गेले होते.

"झालं का, मावशी?" मॅडमनी विचारलं.

"लिहून झालंय. तपासून नाही."

मॅडम थांबल्या. मग तिच्यासमोरच तपासायला बसल्या. एका ठिकाणी त्यांनी गोल केला. धुण्याचा सोडा. तिनं लिहिलं होतं NaCO₃.

"कार्बोनेटला आकडे किती?"

तिनं बघितलं. दोन. सोडियम लटकवला होता एक. दुसऱ्याच्या रिकाम्या आकड्यावर आयुष्यभर बोट ठेवणारी बाई. स्वतःचाच रिकामा सोडला होता. तिला इतका राग आला, की बाकी सगळं बरोबर आहे हे मॅडमना दोनदा सांगावं लागलं.

"टाकी तुम्हाला मिळतेय," मॅडम म्हणाल्या.

"दादा काय म्हणाले?"

"म्हणाले, ही गोणी वाचते ते चांगलं. माणसाला आधी विचारत नाही ते वाईट. पहिलं सोडू नको आणि दुसरं सुधार, असं तिला सांगा."

"एवढंच?"

"एवढंच."

ते एवढंच खरं का, हे तिनं बाहेर पडल्यावर दादांनाही विचारलं. दादा म्हणाले, "बघ, विचारायला लागलीस." आणि मापाचं भांडं तिच्या हातात दिलं.

टाकीवरचं काम सोपं नव्हतं. ताठ उभं राहायचं खरं, पण वाफेत, आणि नजर काढायची नाही. पहिले काही दिवस तिचे खांदे भरून येत. माप घालण्याआधी ती गोणी वाचायची, भिंत वाचायची, आणि मग खाली उभ्या असलेल्या कुणाला तरी विचारायची, "चार ना?" ते म्हणायचे, "चार, मावशी." मगच घालायची. चिरलेली बोटं हळूहळू भरून आली.

टाकीवरचा पहिला पगार हातात आला त्या दिवशी ती घरी न जाता परीक्षा मंडळाच्या कचेरीत गेली. पैसे सुनेच्या हातात द्यायचे नव्हते. सुनेनं कॉलरचा दोरा आणला असता. खिडकीपलीकडच्या कारकुनानं फेरपरीक्षेचा अर्ज पाहिला, तिच्या पिकल्या केसांकडे पाहिलं.

"परीक्षेला तुम्ही बसताय?"

"सून."

"विषय एकच? रसायनशास्त्र?"

"बाकीचे झालेत तिचे. म्हणते तरी असं. तुमच्याकडे जुनी नोंद असेल, बघून घ्या."

कारकुनानं बघितलं. बाकीचे झाले होते. त्यानं फी घेतली, शिक्का मारला.

"पास होतील का?" त्यानं सहज विचारलं.

"ते मी कसं सांगू?" ती म्हणाली. "अभ्यास मी घेतेय, पण पेपर तिलाच लिहायचाय."